पंचवीस अभिप्राय आणि सोळा पानं

घर बांधायला काढलं की चार जण सल्ला द्यायला येतात, मुलीचं लग्न काढलं की आठ. स्वखर्चानं पुस्तक काढतोय म्हटलं की मात्र लोक 'अरे वा' म्हणतात आणि विषय बदलतात. मला कुणी अडवलं नाही, याचा राग मला अजून आहे.

मी तीस वर्षं चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत काढली. सध्या महाळुंग्याच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या मालात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. त्या वर्षांतली माणसं, मशिनी, कॅन्टीन, युनियनच्या निवडणुका यांवर मी पुस्तक लिहिलं. एका प्रकाशकानं कळवलं, की कारखान्याचा विषय आता चालत नाही. दुसऱ्यानं कळवलंच नाही. तेव्हा ठरवलं, आपणच छापू.

पुस्तकात चौदा प्रकरणं होती. तेरा लिहिताना मजा आली, एक लिहिताना हात जड झाला. ते प्रकरण आमच्याच कंपनीतल्या एका माणसाचं. अकरा वर्षांपूर्वी तो प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर होता आणि मी तिथला शिफ्ट इनचार्ज. लातूरकडचा, माझ्याहून पाच-सात वर्षांनी लहान, कामाला वाघ. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या तोंडाशी एक सेन्सर असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबली पाहिजे. शिफ्ट सुरू होताना इनचार्जनं एक लाकडी पट्टी आत घालून बघायची, मशीन थांबली की चेकशीटवर टिक करायची आणि सही करायची. एवढंच काम.

आमच्याकडे हे काम टेबलावर बसून करायची पद्धत होती. पट्टी ड्रॉवरमध्ये, टिक कागदावर. मागची राहिलेली चेकशीट ऑडिटच्या आदल्या दिवशी एका बैठकीत भरायची, आणि त्यासाठी तीन-चार वेगळी पेनं ठेवायची. एकाच पेनानं महिना भरला तर ऑडिटरला संशय येतो. एक निळं, एक काळं, एक जरा पुसट चालणारं. मधे एखाद्या दिवशी 'किरकोळ समायोजन केले' असं लिहायचं, म्हणजे कागद जिवंत वाटतो. या कलेत मी तरबेज होतो, आणि नव्या पोरांना ती मीच शिकवली.

त्या गुरुवारी सेन्सर आदल्या शिफ्टपासून मेलेला होता. मी सकाळी सातला चहा पिताना टिक केली. सव्वानऊला त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. चौकशीत माझी चेकशीट पुढं आली. तीवर 'सेन्सर ठीक' आणि खाली माझी सही. सेन्सर ठीक होता, म्हणजे चूक माणसाची. 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा पडला आणि फाइल बंद झाली. मी तोंड उघडलं नाही. पुढं त्याला स्टोअरमध्ये बसवलं, मला क्वालिटीत बढती मिळाली.

हे सगळं मी त्या प्रकरणात लिहिलं, काही न लपवता. शेवटचं वाक्य होतं, 'त्याने मला कधीही दोष दिला नाही.' ते लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले. दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा पुन्हा भरून आले. आपल्याच लिखाणावर रडणारा माणूस किती हास्यास्पद दिसतो, हे त्याला स्वतःला दिसत नाही. मला तेव्हा एकच जाणून घ्यायचं होतं: हे प्रकरण खरोखर प्रामाणिक आहे, की नुसतं तसं दिसतंय? आणि ते त्याच्या हातात पडायच्या आधी कुणीतरी 'प्रामाणिक आहे' असं म्हणून टाकावं, अशी माझी धडपड होती.

बायकोनं हस्तलिखित वाचलं. ती शाळेत मराठी शिकवते. इतकी वर्षं निबंध तपासून तिचा स्तुतीच्या बाबतीत हात आखडला आहे. ते प्रकरण वाचून तिनं एवढंच विचारलं, हे त्यांना दाखवलंत का? मी म्हटलं, आधी निःपक्षपाती लोकांचं मत घेतो. ती म्हणाली, म्हणजे ज्यांचा काही संबंध नाही अशांचं. आणि वह्यांच्या गठ्ठ्याकडे वळली.

निःपक्षपाती लोक कुठं मिळतात याची माहिती मला लेखकांच्या एका व्हॉट्सॅप ग्रुपवर लागली. त्या ग्रुपवर शंभरावर लेखक आहेत आणि वाचक एकही नाही. तिथं कळलं, की आता अशी सेवा निघाली आहे. पुस्तक बाजारात यायच्या आधी तुमच्या प्रती ते निवडक वाचकांना पाठवतात, वाचक नेटवर अभिप्राय लिहितात, आणि पुस्तक जन्माला येतं तेच अंगावर तारे घेऊन. पैसे आपण द्यायचे.

त्यांचं ऑफिस ताथवड्यात, इंजिनिअरिंग कॉलेजांच्या गर्दीत, एका काचेच्या इमारतीत. खाली मोमोजची गाडी, वर साहित्यसेवा. तिथल्या मुलीनं मला सिल्व्हर, गोल्ड आणि डायमंड अशी तीन पॅकेजं दाखवली. अतिशय नम्र मुलगी. मी विचारलं, वाचक पुस्तक वाचतात ना? ती म्हणाली, सर, आमचे सगळे वाचक व्हेरिफाइड आहेत. मी पुन्हा विचारलं, पण वाचतात ना? ती म्हणाली, गोल्डमध्ये सरासरी साडेचार ताऱ्यांच्या खाली येतच नाही, सर.

मापायच्या आधीच 'माल पास होणार, साहेब' म्हणणाऱ्या व्हेंडरला मी आयुष्यभर गेटवरूनच परत पाठवलं आहे. त्या दिवशी मात्र मी गोल्ड घेतलं. दिवाळीचा बोनस त्यात गेला. बायकोला मी तो छपाईचा खर्च म्हणून सांगितला.

मग एक फॉर्म आला. त्यात प्रत्येक प्रकरणाचा दोन ओळींत सारांश लिहायचा होता, वाचकांच्या सोयीसाठी. शेवटचा प्रश्न होता, 'पुस्तक वाचून वाचकाला काय वाटावं असं आपल्याला वाटतं? तीन शब्दांत लिहा.' मी लिहिलं: प्रांजळ, अस्सल, हेलावून टाकणारं. प्रश्नपत्रिकेच्या मागेच उत्तरं छापून दिली आणि निकालाची वाट बघत बसलो.

छापखान्यानं तीस प्रती पाठवल्या. रहाटणीच्या आमच्या फ्लॅटला दिवसभर कुलूप असतं, म्हणून पत्ता कंपनीचा दिला होता. कंपनीत येणारं प्रत्येक पार्सल स्टोअरमधून आत येतं, आणि स्टोअरमध्ये तो बसतो. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पार्सल त्याच्या टेबलावर उघडलेलं होतं. आलेला माल स्वतः तपासल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा नियम आहे. अपघातानंतरचा.

त्यानं तीस प्रती मोजल्या होत्या आणि वरची हातात घेतली होती. एक ठेवून घेतो साहेब, म्हणाला. नको कसं म्हणणार? मी म्हटलं, ही आगाऊ प्रत आहे, काही चुका असतील. तो म्हणाला, बघतो की.

पंचवीस प्रती ताथवड्याला गेल्या, चार मी घरी कपाटात ठेवल्या. मुखपृष्ठ पाहिलं, कागदाचा वास घेतला, स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं. आत एकही पान उलटून पाहिलं नाही. क्वालिटीतल्या माणसानं आपल्याच मालाचा एकही नग तपासला नाही, असा हा इतिहास आहे.

पंधरा दिवसांत पंचवीसच्या पंचवीस अभिप्राय आले. मी ते मोबाइलवर वाचत सुटलो. एकानं लिहिलं होतं, लेखकाची प्रांजळ लेखणी थेट काळजाला भिडते. दुसऱ्यानं, इतकं अस्सल लिखाण बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. एका बाईंना सगळंच हेलावून टाकणारं वाटलं. एका परखड वाचकानं चारच तारे दिले होते, कारण पुस्तक फार लवकर संपलं. आणि अकरा जणांनी अपघाताच्या प्रकरणाचा खास उल्लेख केला होता. 'एवढा प्रामाणिक कबुलीजबाब द्यायला वाघाचं काळीज लागतं,' असं एकानं लिहिलं होतं. ते वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

मी ते सगळं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. मग सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलं. तिथं 'टँकर आला का' आणि 'बी विंगला पाणी नाही' यांच्या मधे मला तीन अभिनंदनं मिळाली. ऑफिसमध्ये मी जरा सावकाश चालायला लागलो. बायको फक्त एकदा म्हणाली, स्टोअरमधल्या त्यांचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, वाचत असतील.

तो रोज दिसायचा. नमस्कार साहेब, म्हणायचा आणि कामाला लागायचा. पुस्तकाचं नाव काढत नव्हता. माझ्याजवळ आता पंचवीस दाखले होते, त्यामुळे मी निर्धास्त असायला हवा होतो. तरी स्टोअरच्या बाजूला जायचं काम मी दुसऱ्यावर ढकलत होतो.

शेवटी एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्यानंच मला थांबवलं. पुस्तक त्याच्या काखेत होतं.

"साहेब, एक विचारू का? माझं प्रकरण कामून काढलं?"

मी म्हटलं, काढलं नाही, आहे ना.

"यादीत हाय. सत्त्याण्णव पानावर. पण आतमदी न्हाई. एक्क्याऐंशी ते शहाण्णव दोनदा आलंय, मंग एकदम एकशे तेरा." त्यानं ती पानं उघडून दाखवली. "मला वाटलं, तुम्हाला छापू वाटलं न्हाई. मग वाटलं, विचारावं."

मी पुस्तक त्याच्या हातातून घेतलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बांधतात. बाइंडरनं सत्त्याण्णव ते एकशे बाराची घडी घालायच्या ऐवजी तिच्या आधीचीच पुन्हा घातली होती. संध्याकाळी घरी गेलो आणि कपाटातल्या चारही प्रती उघडल्या. चारही तशाच. छापखान्यात फोन केला तेव्हा मालक ओशाळला. तीसचा सगळा लॉटच तसा बांधला गेला होता.

म्हणजे त्या पंचवीस प्रतींतही ते प्रकरण नव्हतं.

शहाण्णव पानावर माझा एक फोरमन निवृत्त होतो, त्याला शाल-नारळ देतात, आणि समोरच्याच पानावर तो तरुण होऊन पुन्हा कामाला लागलेला असतो. पंचवीस व्हेरिफाइड वाचकांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. अकरा जण तर त्यांच्या प्रतीत नसलेलं प्रकरण वाचून हेलावले होते. त्यांनी वाचला होता माझा दोन ओळींचा सारांश.

मी अभिप्राय पुन्हा काढून बसलो, आणि आता मला पेनं दिसायला लागली. हे निळं, हे काळं, हे मुद्दाम पुसट. चार तारेवाला म्हणजे 'किरकोळ समायोजन केले'. पंचवीस नावं होती, पण टेबल एकच. एरवी मी असल्या माणसाची सालटी काढली असती. पण त्या टेबलाशी मी किती वर्षं बसलो होतो ते मला माहीत होतं, त्यामुळे शिवी तोंडात आली आणि तिथंच राहिली. त्यांच्या टिक करण्यानं निदान कुणाची बोटं गेली नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी ताथवड्याला फोन केलाच. तीच नम्र मुलगी होती. मी म्हटलं, प्रतींत सोळा पानं गायब आहेत आणि सोळा पानं दोनदा आहेत. ती म्हणाली, सर, आमच्या वाचकांना ती रचना प्रायोगिक वाटली असेल. मग तिनं दुरुस्त प्रतींसाठी नवे पंचवीस अभिप्राय सवलतीत द्यायची तयारी दाखवली. जुने तसेच ठेवले तर एकूण पन्नास होतील, हेही तिनंच सुचवलं. असला सेल्समन आमच्या कंपनीला मिळाला असता तर आम्ही कुठल्या कुठं गेलो असतो.

ग्रुपवरचे नवे लेखक मला आता विचारतात, या सेवेला पैसे द्यावेत का? मी सांगतो, जरूर द्या, फक्त मग पुस्तक लिहायचे कष्ट घेऊ नका. चांगलं मुखपृष्ठ करा, आत कोरी पानं घाला, सारांश तेवढा मन लावून लिहा. आणि सोबत ते तीन शब्द द्यायला विसरू नका, नाहीतर बिचाऱ्यांना काय वाटलं ते त्यांना कळायचं कसं? या उत्तरावरून मला एकदा ग्रुपमधून काढलं होतं. नंतर पुन्हा घेतलं, कारण त्यांनाही सदस्य लागतात.

माझं पुढचं काम मात्र कुणाला पैसे देऊन करून घेता येण्यासारखं नव्हतं. ती सोळा पानं मी घरी प्रिंट करून त्याला नेऊन दिली. वाटलं होतं, तो घरी नेईल. त्यानं डबा बाजूला सारला आणि तिथंच वाचायला लागला. तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. पान उलटताना अंगठा आणि करंगळीकडची दोन बोटं वापरतो. सगळी जेवणाची सुट्टी त्यात गेली आणि मी समोरच्या खोक्यावर बसून राहिलो. पंचवीस अभिप्रायांची मी एवढ्या भीतीनं वाट पाहिली नव्हती.

वाचून झाल्यावर त्यानं पानं नीट जुळवली.

"बाकी समदं बरोबर हाय," तो म्हणाला. "ही शेवटची एक ओळ खोटी हाय. दोष दिला नाही म्हणून लिवलंय. तुम्ही मला विचारलं कवा?"

खरंच, अकरा वर्षांत कधी विचारलं नव्हतं. दवाखान्यात गेलो होतो तेव्हा बाहेर त्याच्या भावाला भेटून, फळांची पिशवी देऊन परत आलो होतो. तो गप्प राहिला याचा अर्थ मी माझ्या सोयीनं लावला होता. पट्टी न लावता टिक केली होती, आणखी एकदा.

"देतो की दोष," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "रोज देतो. तुम्ही हितं लई चांगलं लिवलंय, लोक रडतील. पण कंपनीच्या कागदावर अजून माझाच निष्काळजीपणा हाय. पुस्तकात कबूल करून मला काय? तो कागद कोण बदलणार?"

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला आणि तो उठून कामाला लागला.

मी घाबरलो. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. पुस्तकात कंपनीचं नाव नाही, त्याचं नाव नाही, वर्ष नाही. त्या कबुलीनं माझं काहीही बिघडणार नव्हतं, उलट तारे मिळणार होते. कंपनीला लेखी दिलं तर काय होईल ते मला माहीत नव्हतं. घरी बायकोला सगळं सांगितलं, बोनसचं गोल्ड पॅकेजसुद्धा. गोल्डबद्दल ती काहीच बोलली नाही, मला तेच जास्त लागलं. मग म्हणाली, पुस्तकात लिहिताना नाही घाबरलात ते.

चार दिवस मी पत्र लिहीत होतो. चौदा प्रकरणं लिहिणाऱ्या माणसाला एक पान जमेना. शेवटी लिहिलं: अमुक दिवशीच्या पहिल्या शिफ्टला प्रेसचा सेन्सर मी तपासला नव्हता. चेकशीटवरची नोंद माझ्याकडून अनवधानाने झाली. तरी संबंधित कामगारावरचा निष्काळजीपणाचा शेरा काढून तो माझ्या नावे नोंदवावा.

एचआरमध्ये द्यायच्या आधी ते मी स्टोअरमध्ये नेलं. त्यानं ते उभ्यानं वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. एका शब्दावर त्यानं बोट ठेवलं.

"अनवधानाने म्हंजे?"

मी म्हटलं, लक्षात न येता, चुकून.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "चुकून केलं व्हतं का, साहेब?"

मी त्याच्याच टेबलावर बसून पत्र पुन्हा लिहिलं. त्या शब्दाच्या जागी 'जाणूनबुजून' लिहिलं, खाली सही केली आणि एचआरमध्ये दिलं. पोच घेतली, आणि ती त्याच्या हातात आणून ठेवली.